बरडावरची शिलावर्तुळे: विदर्भातल्या दगडांविषयीचे गैरसमज

काटोलच्या वाटेवर नागपूर मागे पडले की जुनापाणीचे बरड लागते. मुरमाड जमीन, खुरटे गवत, झुडपे आणि त्यांच्यामधून पसरलेली काळ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे. काही वर्तुळे पाच-सहा मीटर व्यासाची आहेत, काही वीस मीटरच्याही पुढे जातात. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमाहरी, रायपूर अशा कितीतरी गावांच्या शिवारात हेच दृश्य दिसते. वर्धा, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतही अशी ठिकाणे आहेत. दीडशे वर्षांहून अधिक काळ अभ्यासक या दगडांकडे येत आहेत, पन्नास-साठ वर्षांपासून रीतसर उत्खनने होत आहेत. तरी ‘पांडवांनी मांडलेला डाव’पासून ‘अश्मयुगातल्या रानटी माणसांची वस्ती’पर्यंत नाना समजुती अजून ऐकू येतात. त्या वरवर वेगळ्या वाटतात, पण त्यांची चूक एकाच ठिकाणी होते. पाहणारा दगड पाहतो आणि तो दगड ज्या शिवारात आहे ते शिवार पाहत नाही. काळी जमीन, गावाची पांढर, ओढा आणि बरड ही चारही एकत्र धरली की या वर्तुळांचा बराच उलगडा होतो.

सगळ्यात साधी समजूत अशी की हे धोंडे म्हणजे वावर साफ करताना काढून टाकलेला दगडगोटा. विदर्भातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट सहज पटते, कारण धुऱ्यावर असे ढीग तो स्वतःच रचत आला आहे. पण वेचलेला दगड माणूस जवळच्या जवळ टाकतो आणि तो कसाही पडतो. इथे परिघावरचे धोंडे निवडलेले आहेत आणि एकाला एक भिडवून गोलाकार मांडलेले आहेत. आतली जागा गोटे आणि माती यांच्या भरावाने मध्यभागी उंचावलेली आहे. उत्खननात या भरावात काळी चिकणमाती निघते. भोवती सगळा मुरूम असताना ही माती मुद्दाम खालच्या भागातून वाहून आणावी लागली असणार. आणि मुख्य म्हणजे ही वर्तुळे जिथे आहेत त्या बरडावर नांगर चालतच नाही, मग तिथले दगड वेचायचे कोणाला कशासाठी?

दुसरी समजूत जास्त पसरलेली आहे आणि शिकलेल्यांमध्येही ती आढळते: दगडाची बांधणी आहे, म्हणजे काळ दगडाच्या हत्यारांचा. प्रत्यक्षात या वर्तुळांमधून निघणारी सर्वांत ठळक वस्तू लोखंडाची आहे. कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, खंजीर, भाल्यांची पाती, पळ्या, घोड्यांच्या लगामाच्या कड्या. त्यांतल्या काही कुऱ्हाडींना पाते दांड्याशी आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्याही आहेत. त्यांच्या सोबत काळी-तांबडी मृद्भांडी, अभ्रकाचे कण चमकणारी तांबडी भांडी, झाकणाचे तांब्याचे वाडगे आणि अकीकाचे मणी मिळतात. विदर्भातल्या या संस्कृतीचा बहर ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या शतकांत होता. तिच्या अखेरच्या काळात उत्तरेकडे महाजनपदे उभी होती आणि गौतम बुद्धांची शिकवण पसरू लागली होती, हे लक्षात ठेवले तर ‘अश्मयुग’ हा शब्द इथे किती गैरलागू आहे हे कळते. लोखंड बाहेरून विकत आणले असेल, असा बचाव कोणी करील. त्याला नायकुंडने उत्तर दिले आहे. १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी पेंच नदीकाठच्या या गावात उत्खनन केले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. भट्टीच्या बांधणीच्या विटा, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोहमळी, सारे जागच्या जागी. नायकुंड आणि माहूरझरीच्या वस्तूंच्या धातुपरीक्षणातून असेही दिसले की इथला लोहार धार येणाऱ्या भागात कार्बन मुरवून तो पोलादासारखा कणखर करत होता. हे ज्ञान एका पिढीत येत नाही, आणि ज्याला ते आहे त्याला रानटी म्हणणे अन्यायाचे आहे.

तिसऱ्या समजुतीशी मात्र गंभीरपणे वाद घालावा लागतो, कारण ती विद्वानांची होती. लॉरेन्स लेशनिक यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात दक्षिण भारतातल्या महापाषाणीय दफनांचा, म्हणजे मोठे दगड मांडून केलेल्या थडग्यांचा (आपली वर्तुळेही त्यांतलीच), संबंध भटक्या पशुपालकांशी जोडला. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. थडगी शेकड्यांनी आणि वस्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, शिवाय थडग्यांत घोड्याचे सामान. गुरे हाकत फिरणारे लोक मेलेल्यांना पुरायला तेवढे परत येत असतील, हा निष्कर्ष त्या पुराव्यावर अवाजवी नव्हता. पण वस्त्या दिसत नव्हत्या याचे एक कारण असे की बहुतेकांनी खोदायला वर्तुळेच निवडली. वर्तुळ उघड्या बरडावर दुरूनही दिसते. त्याच लोकांचे घर कुडाचे, मातीचे. ते पडते, त्यावर पुन्हा घर उभे राहते आणि अडीच हजार वर्षांनी उरते ते पांढरीचे टेकाड. त्यावर आजचे गाव वसलेले असते किंवा त्याची राखट माती खत म्हणून गाड्या भरभरून वावरात गेलेली असते. जिथे कोणी ओढ्याच्या काठी, काळ्या जमिनीच्या कडेला शोधले, तिथे वस्ती मिळाली. टाकळघाट आणि खापा यांचे उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. १९६८-६९ मध्ये देव यांनी टाकळघाटला वस्तीचे थर खोदले आणि शेजारच्या खाप्याला वर्तुळे, आणि दोन्हीकडची भांडी आणि अवजारे एकाच परंपरेची निघाली. पुढे नायकुंड आणि भागीमाहरीला वस्ती आणि दफने दोन्ही हाती लागली.

त्या वस्त्यांच्या मातीत जळून काळे पडलेले धान्य आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादात तोच सर्वांत बोलका साक्षीदार आहे. भात आहे, गहू आहे, जव आहे, मसूर आहे. विदर्भातल्या कोणाही शेतकऱ्याला ही यादी वाचून दाखवा. भात म्हणजे पावसाळ्याचे पीक. गहू, जव आणि मसूर ही थंडीतली, काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर येणारी. दोन्ही हंगाम एकाच शिवारात घ्यायचे तर मृगापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या जमिनीजवळ राहावे लागते. पेरणी, राखण, कापणी, मळणी, साठवण यांतले काहीच दुरून होत नाही. या लोकांकडे गुरे भरपूर होती. वस्त्यांमध्ये गाय-बैलांची हाडे मिळतात आणि काही जण कळप घेऊन दूर जातही असतील. पण गुरे बाळगणे आणि भटके असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजच्या प्रत्येक खेड्यात दिसते.

यावर एक चांगला आक्षेप उरतो. शेतकरी होते तर त्यांच्या थडग्यांत नांगराचे फाळ आणि विळे रासभर का मिळत नाहीत? कुऱ्हाडी आणि खंजीरच का? उत्तर असे की थडग्यातल्या वस्तू म्हणजे मेलेल्याच्या रोजच्या कामाची नोंदवही नसते. पुरणारे लोक निवड करतात. मृताचा मान, त्याचे सामर्थ्य, त्याचे जगातले स्थान जे सांगते ते ठेवले जाते. माहूरझरीला देव यांच्या उत्खननात (१९७०-७२) घोडे पुरलेले निघाले. लगामाच्या कड्या आणि तांब्याच्या साजासह. घोडा पोसणे खर्चाचे काम आहे, पुरणे त्याहून खर्चाचे. ज्या समाजाला हे परवडते त्याच्याकडे धान्याची शिल्लक असते आणि ती काही घराण्यांच्या हाती असते. त्याच माहूरझरीत मणी घडवण्याचा मोठा उद्योग होता. शेती न करता दिवसभर अकीक घासत बसणाऱ्या कारागिराला कोणीतरी पिकवून खाऊ घालत होते. म्हणून थडग्यात फाळ नसला तरी थडग्यातल्या श्रीमंतीमागे शेतच उभे आहे.

इथूनच पुढच्या गैरसमजाचे निरसन होते. एक वर्तुळ म्हणजे एक माणूस आणि ३०० वर्तुळे म्हणजे गावाची सरसकट स्मशानभूमी, असे धरून लोकसंख्या मोजण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. वर्तुळांत पूर्ण सांगाडा क्वचित मिळतो. बहुतेकदा हाडांचे मोजके तुकडे असतात, म्हणजे शरीर आधी दुसरीकडे ठेवून मागाहून अस्थी आणलेल्या असाव्यात. काही वर्तुळांत एकापेक्षा जास्त माणसांचे अवशेष आहेत, काहींत हाडच नाही. वस्तीचा काळ काही शतकांचा धरला तर मरण पावलेल्यांची संख्या वर्तुळांपेक्षा कितीतरी जास्त होते. तेव्हा हा मान निवडक लोकांचा होता, आणि धोंडे ओढणे, माती वाहणे, भांडी-घोडे अर्पण करणे यासाठी बाकीचे गाव राबत होते. जागेची निवडही शेतकऱ्याच्या हिशेबाची वाटते: सोन्यासारखी काळी जमीन जिवंतांच्या पिकासाठी राखलेली, आणि मृतांना वरचे बरड, जे पिकत नाही पण गावातून दिसते.

बांधणारे कोण, या प्रश्नावर जुन्या काळी कल्पनांना ऊत आला होता. स्थानिक सांगण्यात गवळी राजे होते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळघाटच्या वर्तुळांचा शोध घेतला, आणि सप्टेंबर १८६३ मध्ये तिथून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांच्यानंतर जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीला खोदकाम केले आणि १८७९ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. धोंड्यांवरचे वाटीसारखे कोरीव खळगे त्यांना ब्रिटनमधल्या दगडांवरच्या खळग्यांसारखे वाटले आणि एकाच वंशाच्या लोकांनी दोन्हीकडे ते कोरले असावेत, अशा विचाराला वाट मिळाली. काळाची सांगड घातली की तो विचार टिकत नाही. स्टोनहेंजचे मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले, विदर्भातली वर्तुळे त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी. मृतासाठी दगड मांडावा ही गोष्ट माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली आहे. गडचिरोलीतले माडिया आणि बस्तरातले मारिया आपल्या मृतांसाठी दगड उभारत आले आहेत, त्यांच्याकडून दगडामागच्या भावनेविषयी पुष्कळ शिकता येईल. पण तेवढ्यावरून त्यांना थेट वर्तुळे बांधणाऱ्यांचे वंशज ठरवणे घाईचे आहे. मधे दोन हजार वर्षांचे अंतर आहे.

खळग्यांवरून आकाशाचा विषय निघतो. मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या खळगे असलेल्या धोंड्यांच्या दिशा मोजल्या आणि ते ठराविक दिशांना येतात असे मांडले. ही शक्यता मला आवडते, कारण पेरणीचा वेळ साधणाऱ्याला सूर्य कुठे उगवतो याकडे पाहावेच लागते. मात्र यावरून प्रत्येक वर्तुळाला वेधशाळा म्हणणे बरोबर नाही. पुष्कळ वर्तुळांवर खळगेच नाहीत आणि आत जे मिळते ते दफनाचे साहित्य आहे. देवळाचे दार पूर्वेला असते म्हणून देऊळ वेधशाळा होत नाही.

सगळ्यात महागात पडलेला गैरसमज गुप्तधनाचा. रात्री येऊन वर्तुळाच्या मधोमध खड्डा खणला जातो, हाती गंजलेले लोखंड आणि खापरे लागतात, ती फेकली जातात. सोने या वर्तुळांत अगदी क्वचित आहे, तेही बारीक दागिन्यांच्या रूपात. भांडे कुठे होते, हाड त्याच्या कोणत्या बाजूला होते, कुऱ्हाडीचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे सारे त्या एका रात्रीत पुसले जाते आणि नंतर कितीही पैसा ओतून ते परत मिळत नाही. कायदाही स्पष्ट आहे. निखात निधी कायदा १८७८ पासून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण जी वर्तुळे संरक्षित यादीत नाहीत त्यांना हे कवच मिळत नाही, आणि तिथे आज गुप्तधन शोधणाऱ्यांपेक्षा मुरूम खोदणारी यंत्रे आणि शहराबाहेर पडणारे ले-आउट जास्त वेगाने काम करतात. अडीच हजार वर्षे नांगरापासून वाचलेले बरड नापीक आहे म्हणूनच आता सर्वांत आधी विकले जाते.

‘शेकडो वर्तुळे आहेत, दहा-वीस गेली तर काय बिघडले?’ असे जमिनीचा व्यवहार करणारेच काय, चांगले जाणते लोकही विचारतात. बिघडते ते असे. हा मान कोणाला मिळत होता, हे एका वर्तुळावरून ठरत नाही. मोठ्या वर्तुळात तांबे आणि लहानात नुसती मातीची भांडी असा फरक आहे का, स्त्रियांची वर्तुळे कोणती, मुलांना जागा होती का, एका घराण्याची वर्तुळे एकत्र आहेत का, या प्रश्नांची उत्तरे पूर्ण समूह शाबूत असेल तरच मिळतील. जुनापाणीला १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी रीतसर खोदली ती फक्त तीन वर्तुळे. त्यानंतर कोळशाचा काळ ठरवण्याच्या, हाडातून आहार आणि नाते वाचण्याच्या, मातीतले परागकण ओळखण्याच्या पद्धती किती पुढे गेल्या आहेत! भरावातली ती काळी माती कोणत्या वावरातून आली, त्या वावरात तेव्हा काय पेरले होते, हे आज तपासता येते. त्यासाठी भराव जागेवर असायला हवा, आणि बरडाखालची पांढरही.