काडतुसाला निकेलचा मुलामा कशासाठी?

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, म्हणून आतून कल्हई लावतात. काही काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांवर निकेलचा चकचकीत थर असतो, तोही याच कारणाने. चामड्याच्या पट्ट्यात बरेच दिवस खोचून ठेवलेल्या पितळेवर हिरवा थर चढतो, कारण कमावलेल्या चामड्यात आम्लं उरलेली असतात. निकेलला ती सहसा बाधत नाहीत. शिवाय निकेल गुळगुळीत असल्याने काडतूस बंदुकीत सहज सरकतं.

अमेरिकेतले अनेक नेमबाज रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि पुन्हा भरतात. तिथे मात्र साधं पितळ सरस ठरतं. काडतुसाच्या पितळेत सुमारे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. बार उडताना पुंगळी फुगून बंदुकीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आक्रसते, म्हणूनच बाहेर निघते. केवढं नेमकं काम आहे हे! पण दर वेळच्या या ताणाने आणि भरताना साच्यात दाबली गेल्याने तिचं तोंड कडक होत जातं. साधं पितळ तापवून पुन्हा नरम करता येतं. निकेलचा थर मुळातच कडक असल्याने तोंडाशी लवकर तडकतो, सोलला तर त्याचे कण साच्यावर ओरखडे पाडतात.

थोडक्यात, पट्ट्यात दीर्घकाळ बाळगायला निकेल उत्तम, पुन्हा पुन्हा भरायला साधं पितळच घ्यावं.