टेबलावरून वायर गेली

भिवंडीच्या मंडईजवळचं कीबोर्ड-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. सामान आवरताना दुकानदाराने वायरचे दोन जुने कीबोर्ड माझ्या हातात ठेवले. "काका, घेऊन जा. वायरलेस आल्यापासून उघडून बघायला कोणी आणतच नाही. बंद पडला की टाकतात आणि नवीन घेतात."

त्याचं खरं आहे. मी स्वतः चार वर्षांत तीन सेट टाकले आणि तिसरा टाकताना फार संताप झाला, कारण त्यात बिघाड काहीच नव्हता. यूएसबीला लावायची नखाएवढी डोंगल झाडलोटीत गेली होती. कीबोर्ड चांगला, माऊस चांगला, सेलही नवे. पण त्या जातीचा सेट कारखान्यातच एका डोंगलशी जोडून येतो. ती हरवली की दोन्ही वस्तू भंगारात. नुसती डोंगल मिळेल का, असं सेवा केंद्राला विचारलं, तर नवा सेट घ्या म्हणाले. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आपण हे वायरलेस कधी आणि कसं ओढवून घेतलं?

नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. काळा पडदा, फ्लॉपी, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्यांची बिलं आणि लग्नपत्रिका. अमेरिकेत आयबीएमने १९८४ मध्येच पीसीज्युनिअर या संगणकाबरोबर इन्फ्रारेडवर चालणारा बिनतारी कीबोर्ड दिला होता. लॉजिटेकचा रेडिओलहरींवरचा माऊस १९९१ चा. आमच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. आमच्याकडे होता गोळीचा माऊस.

आजूबाजूला यंत्रमागांची खडखड, हवेत सतत कापसाचे तंतू. माऊसच्या पोटातल्या रबरी गोळीला चिकटून ते आत जायचे आणि आतल्या बारीक दांड्यांवर गुंडाळले जायचे, कांडीवर सूत भरावं तसे. पडद्यावरचा बाण अडखळू लागला की माऊस उलटा करायचा, खालची चकती फिरवून गोळी काढायची आणि दांडीवरची राखाडी वळी टाचणीने सोलायची. दोन मिनिटांत माऊस पूर्ववत. चहा आणणाऱ्या पोरालाही हे जमायचं. वस्तू आपल्या हातातली होती.

मला बोलायचंय ते २००५ नंतरच्या दहा-बारा वर्षांबद्दल. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. वाय-फाय, ब्लूटूथ आणि आजचे बहुतेक वायरलेस माऊस याच पट्ट्यात चालतात. याच सुमारास भिवंडीजवळच्या मानकोली, राहनाळ, वळ, काल्हेर, पूर्णा या गावांत गोदामांवर गोदामं उभी राहत होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि नाशिक महामार्गाला लागून असल्याने माल इथे उतरवणं सोयीचं होतं. मागवाल्यांची मुलं गोदामांत पैसे घालू लागली. ऑफिसं नव्याने सजली, काचेची टेबलं आली. काचेवर लोंबणारी वायर शेठना बरी दिसेना. भिवंडीत वायरलेस आलं ते एवढ्यासाठी. कामाची गरज म्हणून ते कोणी आणल्याचं मला आठवत नाही.

आणि काचेवर तो माऊस चालेना! ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाची चित्रं सेकंदाला हजाराच्या वर वेळा टिपतो आणि दोन चित्रांतल्या फरकावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. आरपार काचेत त्याला टिपायला काही मिळत नाही. मग महागड्या काचेवर जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवायचं. संगणकाच्या कामाला जायचो त्यातल्या निदान सहा ऑफिसांत मी हे केलंय.

पहिले सेट मात्र २७ मेगाहर्ट्झचे होते. त्यात वाहिन्या मोजक्या, जोडणी बटण दाबून करायची. एका गोदामात हिशेबाला दोन मुली शेजारी बसायच्या. सकाळी दोघींचे सेट एकदमच जोडायला घेतले आणि एकीचा कीबोर्ड दुसरीच्या डोंगलला लागला. टॅलीत आकडे भलत्याच व्हाउचरमध्ये उमटले. दुपारी शेठने एकीला सगळ्यांसमोर नको ते सुनावलं. मी संध्याकाळी गेलो, दोन्ही सेट एकेक करून पुन्हा जोडले आणि काय झालं होतं ते शेठला दाखवलं. त्याने मान हलवली. त्या मुलीची माफी मात्र मागितली नाही. दुसऱ्या महिन्यात ती नोकरी सोडून गेली. वीस वर्षं होत आली तरी मला ते विसरता येत नाही. नॉर्वेत स्टावांगर शहरात एकाने टंकलेलं शेजारच्या इमारतीतल्या संगणकावर उमटल्याची बातमी २००२ सालीच येऊन गेली होती. विकणाऱ्यांनी त्यातलं एक अक्षर आम्हाला सांगितलं नाही.

आमच्या घरी माग होते. ताण्याचा एक दोरा तुटला तर कापडात उभी रेघ पडते आणि जाणता कारागीर ती दहा पावलांवरून ओळखतो. वायरच्या कीबोर्डचंही तसंच होतं. वायर कुठे दबली, कुठे उंदराने कुरतडली, ते बोटाला कळायचं. वायरलेसमध्ये हात लावायला दोराच नाही. बाण अडखळला की सेल बदला, एवढाच उपाय सगळ्यांना ठाऊक.

मीसुद्धा त्यात फसलो. नव्या संगणकात निळे, वेगवान यूएसबी ३.० पोर्ट आले आणि माझा माऊस रोज दुपारी हटून बसू लागला. मी सेलवर सेल बदलले. पुढे इंटेलचा २०१२ चा एक तांत्रिक लेख हाती लागला. यूएसबी ३.० मधून माहिती वाहताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओगोंगाट होतो आणि शेजारच्या डोंगलला माऊसचं ऐकू येत नाही. दुपारी मी निळ्या पोर्टात हार्डडिस्क लावून बॅकअप घेत असे. हातभर एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल दूर टेबलावर ठेवली आणि त्रास गेला. गोदामात तर सीपीयू लोखंडी कपाटामागे आणि डोंगल त्याच्याही मागे असते. लोखंडापुढे त्या लहरींचं काही चालत नाही. डोंगल समोरच्या पोर्टात लावा, एवढं सांगायला मी मानकोलीपर्यंत फेऱ्या मारल्यात.

२०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ कुलूप न लावता हवेत सोडतात आणि शेकडो फुटांवरून ती वाचता येते. आमच्याकडे सुताच्या व्यापाऱ्यांचे लाखोंचे व्यवहार त्याच कीबोर्डवरच्या पासवर्डने व्हायचे. ते संशोधन ब्लूटूथच्या कीबोर्डबद्दल नव्हतं, म्हणून बँकेचं काम करणाऱ्यांना मी वायरचा किंवा ब्लूटूथचा कीबोर्ड सुचवू लागलो. ब्लूटूथची अडचण वेगळी. संगणक सुरू होतानाच अडला तर तिथे ब्लूटूथचा कीबोर्ड बहुधा चालत नाही. डोंगलवाला चालतो, कारण संगणकाला डोंगल म्हणजे साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो. म्हणून कपाटात एक वायरचा कीबोर्ड हवाच.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं आणखी मोठी झाली. त्यानंतरच्या वर्षांत सगळीकडे तेच काळे सेट, तीच डोंगल.

दुकानदाराने दिलेल्यातल्या एका कीबोर्डच्या कळांवर देवनागरी अक्षरं आहेत. क, च, त, ट बोटाखाली दिसतात. वायरलेस सेटवर अशी छापील अक्षरं मला बाजारात अजून मिळालेली नाहीत, स्टिकर चिकटवावे लागतात आणि ते वर्षभरात झिजतात. मोबाइलमध्ये भारतीय भाषांत लिहिण्याची सोय हवी, असा आदेश सरकारने २०१६ मध्ये काढला. संगणकाच्या कीबोर्डसाठीही तसा आदेश निघायला हवा. डोंगल सुटी विकण्याची सक्तीही त्यातच घालावी.

तो देवनागरी कीबोर्ड मी उघडून पुसला, दोन कळांखालचं रबर बदललं. हा लेख त्यावरच लिहिलाय. दुसऱ्याची वायर आतून तुटलेली आहे आणि माझ्या नजरेला आता ते बारीक डाग देणं जमत नाही. भिवंडीत कीबोर्ड उघडून दुरुस्त करणारं कोणी अजून असेल, तर कृपया कळवा. काम मी स्वतः घेऊन येईन.