आठ मीटर खोल वर्ग

तारापूर एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात काम केलेल्या माणसाला बीए सेट काय असतो हे सांगावं लागत नाही. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, डोळ्यांसमोर दाबाचं गेज. वायुगळती झाली की सेफ्टीवाले तो चढवून आत शिरतात. हवा ठरावीक पातळीखाली गेली की शिट्टी वाजते आणि हातातलं काम टाकून बाहेर यावंच लागतं. मॉक ड्रिलमध्ये हे पाहिलेला बोईसरकर मालवणजवळच्या तारकर्लीच्या स्कूबा केंद्रात गेला, तर पहिल्याच दिवशी त्याला अर्धं सामान ओळखीचं वाटेल.

यात नवल नाही, कारण स्कूबाचा मूळ व्हॉल्व्हही पाण्याबाहेरच जन्मला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमिल गान्यां या इंजिनिअरने दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह तयार केला होता. नौदल अधिकारी जाक कूस्तो यांच्यासोबत १९४३ मध्ये त्याने तोच माणसाच्या श्वासासाठी बदलून घेतला. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते. रेग्युलेटर तो दाब दोन टप्प्यांत उतरवतो आणि श्वास ओढला की भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा देतो. पर्यटक या सिलिंडरला सर्रास ‘ऑक्सिजनचा’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात गाळून, कोरडी करून दाबलेली साधी हवाच असते.

मग सहाशे किलोमीटर खाली मालवणला कशाला जायचं? समुद्र तर चिंचणीलाही आहे, नांदगावलाही आहे. उत्तर गाळात आहे. नर्मदा, तापी, मही, साबरमती यांनी आणलेला गाळ खंभातच्या आखातात येतो आणि तिथली प्रचंड भरती-ओहोटी तो सतत घुसळत ठेवते. किनाऱ्याने उत्तरेकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. डहाणू-तारापूरच्या पट्ट्यात ओहोटीला समुद्र दूरवर मागे सरतो आणि परतताना तळ ढवळतच येतो. त्यात नवापूरच्या बाजूला एमआयडीसीचं सांडपाणी समुद्रात जातं. पाण्याखाली हात पुढे केला तर बोटं दिसणं कठीण. सातपाटीच्या पापलेटला आणि बोंबलाला हा गढूळपणा मानवतो, डोळ्यांनी समुद्र बघायला गेलेल्या माणसाला नाही. मालवणला तळ खडकाळ आहे, नद्या लहान आहेत, भरती-ओहोटी सौम्य आहे. अंदमानसारखं पारदर्शक पाणी तिथेही नसतं. पण चांगल्या दिवशी काही मीटरवरचा मासा ओळखू येतो, आणि शिकायला तेवढं पुरतं.

तारकर्लीत, एमटीडीसीच्या पर्यटक निवासाच्या परिसरात, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कूबा डायव्हिंग अँड अ‍ॅक्वाटिक स्पोर्ट्स ही संस्था आहे. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. सगळे ‘इस्डा’ म्हणतात. सरकारी महामंडळाने उभी केलेली आणि पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रमाणपत्रं देणारी अशी शाळा आपल्याकडे दुर्मीळच. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी तिला आकार दिला. राहायच्या खोल्या, वर्ग, कंप्रेसर, बोटी असं सगळं आहे. पण संस्थेचा कणा म्हणजे तिथला आठ मीटर खोल तलाव.

खोली एवढी का, हे समजून घेण्यासारखं आहे. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. नेहमीच्या पोहण्याच्या तलावात कानाला हे फारसं कळत नाही. आठ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ पावणेदोन पट होतो. नाक दाबून हळूच फुंकर मारत कानांतला दाब सारखा केला नाही, तर दुखायला लागतं. समुद्रात घडणारी ही गोष्ट इथे लाटा, प्रवाह आणि भीती वजा करून शिकता येते.

ओपन वॉटरचा कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो. आधी वर्ग, मग तलाव, मग समुद्रात चार बुड्या. वय किमान दहा वर्षं, दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे, दहा मिनिटं तरंगता आलं पाहिजे. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. तोंडातला रेग्युलेटर काढून पुन्हा लावायचा. जोडीदाराची हवा संपल्याचं समजून आपली त्याला द्यायची. या सगळ्यांवरचा नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर भरलेली छाती श्वास रोखून वर आणली, तर आतली हवा दुपटीने फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून वर यायचं ते सावकाश. शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा यासाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. गोव्याच्या मोपा विमानतळावरून विमान गाठायचं असेल, तर त्याच कारणाने शेवटच्या बुडीनंतर साधारण अठरा तास मध्ये सोडायचे. त्यामुळे संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बांगडा आणि सोलकढी असली, तरी गप्पा गेजच्या आकड्यांच्या असतात.

समुद्रातला वर्ग सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास भरतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. १९८७ मध्ये भोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा परिसर सागरी अभयारण्य जाहीर झाला. रोजगार जाईल या धास्तीने मच्छिमारांनी त्याला विरोध केला आणि तो बरीच वर्षं टिकला. पुढे स्कूबाने चित्र थोडं बदललं. गावातल्या पोरांना पाणी ठाऊक होतंच, त्यांना प्रशिक्षण मिळालं. बाजारात तांबोशी किंवा हेकरू मासा किलोवर एकदाच विकला जातो. प्रवाळाजवळ जिवंत राहिला तर हंगामभर पाहुण्यांना दाखवता येतो.

या धंद्याची दुसरी बाजूही आहे. किनाऱ्यावर पर्यटक स्कूबा म्हणून जे घेतात, ती बहुतेकदा मार्गदर्शकाने धरून करवलेली, फोटो-व्हिडिओसकट उरकलेली काही मिनिटांची फेरी असते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी एक बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. अपघात पाण्याखाली झाला नव्हता, किनाऱ्याजवळ पृष्ठभागावर झाला होता. बोटीत किती माणसं, लाइफ जॅकेट आहेत का, आज समुद्र कसा आहे, हे विचारायची सवय कोर्स केलेल्या माणसाला लागते. फेरी मारून आलेल्याला ती लागत नाही.

आता पसारा आणखी वाढतो आहे. १९८५ साली नौदलात आलेली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेली आयएनएस गुलदार एमटीडीसीकडे सोपवण्यात आली. निवती रॉकजवळ तळाशी बसवून तिच्यावर प्रवाळ वाढू द्यायचे आणि पर्यटकांना ती दाखवायची, असा प्रकल्प आहे. बुडवलेल्या जहाजाभोवती उतरणं हे फेरीवाल्या पर्यटकाचं काम नव्हे. त्यासाठी प्रशिक्षित माणसं लागतील, आणि ती तयार करणारी जागा तारकर्लीत आधीच उभी आहे.

पालघर जिल्ह्याने लक्ष द्यावं ते इथे. मच्छिमारांचा विरोध कायम असतानाच ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर आलं की जहाजांचे तळ, जेट्टीचे खांब, पाण्याखालच्या केबल तपासणारे डायव्हर लागतात. ते काम गढूळ पाण्यात, पुष्कळदा हाताने चाचपून करावं लागतं आणि त्याचं प्रशिक्षण स्कूबाहून वेगळं, अधिक कडक असतं. पण दाब, कान, श्वास आणि जोडीदार यांचा पहिला धडा तोच. मालवणच्या पोरांना काम मिळालं, कारण त्यांच्या दारात शाळा होती. दांडी-नवापूर-वाढवणच्या पोरांना समुद्र त्यांच्याइतकाच कळतो आणि बीए सेट चढवणारी माणसं शेजारच्या कारखान्यात आहेत. बंदराच्या कंत्राटदारांनी बाहेरून डायव्हर आणायच्या आत तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात असा एक खोल तलाव खोदला, तर तो खर्च वाया जाणार नाही.