विश्लेषण : शाळेची सहल मुलांना नेमके काय शिकवते?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीचे वारे वाहू लागतात. सहलीचे ठिकाण आणि वर्गणीची रक्कम घरी कळवली जाते, संमतीपत्रावर पालकांची सही मागितली जाते. काही घरांत मुलाला इतक्या लांब पाठवायचे का यावर चर्चा होते, तर काही घरांत पैशांची जुळवाजुळव सुरू होते. सहल ही अभ्यासातून सुटका की अभ्यासाचाच भाग, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

सहलीतून शिकणे होते, याला पुरावा काय?

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये ‘क्रिस्टल ब्रिजेस’ हे कलासंग्रहालय सुरू झाले. तेथील मोफत सहलींसाठी शाळांचे इतके अर्ज आले की सोडत काढून निवड करावी लागली. आर्कान्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी ही संधी साधून संग्रहालय पाहून आलेली मुले आणि अजून न गेलेली मुले यांची तुलना केली. १२३ शाळांतील सुमारे ११ हजार मुलांचा त्यात समावेश होता. सहलीनंतर सरासरी तीन आठवड्यांनीही मुलांना चित्रांमागचा इतिहास चांगला आठवत होता. पूर्वी न पाहिलेल्या चित्राविषयीही ती अधिक बारकाईने लिहीत होती. ग्रामीण भागातील आणि गरीब वस्तीतील शाळांच्या मुलांना हा लाभ सर्वाधिक झाला. ज्यांच्या घरून अशा ठिकाणी जाणे होत नाही, त्यांच्यासाठी शाळेची सहल हाच एकमेव दरवाजा असतो.

वर्गात न कळलेले बाहेर कसे कळते?

लोणारचे सरोवर उल्कापातामुळे तयार झाले, हे वाक्य पाठ करता येते. पण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराच्या काठावर उभे राहिल्यावर आघाताचा आवाका समजतो. चौथीच्या इतिहासात भेटलेला रायगड चढताना दम लागतो, तेव्हा गड जिंकणे अवघड का होते आणि एवढ्या उंचीवर पाण्याची सोय कशी केली असेल, हे प्रश्न मुलांना आपसूक पडतात. नारायणगावजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी पाहिल्यावर ‘दुर्बीण म्हणजे डोळा लावायची नळी’ ही समजूत गळून पडते. मुक्कामी शिबिरात याहून वेगळे शिक्षण होते. स्वतःचे अंथरूण आवरणे, डबा वाटून खाणे, वर्गात कधी न बोललेल्या मुलाशी जुळवून घेणे, हे कोणत्याही तासिकेत शिकवता येत नाही.

मग मौजमजेच्या सहली नकोत का?

मजा हवीच. मात्र वॉटर पार्कच्या फेरीला केवळ ‘शैक्षणिक’ हे नाव दिल्याने ती शैक्षणिक होत नाही. एका दिवसात पाच ठिकाणे ‘उरकणारी’ सहलही फारसे काही देत नाही. जाण्यापूर्वी नकाशा पाहणे आणि प्रश्न ठरवणे, तेथे पुरेसा वेळ थांबणे, परतल्यावर वर्गात बोलणे आणि लिहिणे, या तीन गोष्टींवर सहलीचे मोल ठरते. शेवटची पायरी बहुतेकदा वगळली जाते.

धोरण काय सांगते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस ‘दप्तराविना’ असावेत, असे म्हटले आहे. या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे काम शिकावे, ही अपेक्षा आहे. ‘एनसीईआरटी’ने त्यासाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. म्हणजेच शाळेबाहेरचे शिक्षण हा आता अभ्यासक्रमाचा भाग मानला गेला आहे.

सुरक्षिततेचे काय?

पालकांची भीती निराधार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. मात्र नियमांच्या धास्तीने सहलच रद्द करणे हा उपाय नव्हे. पाण्याची आणि कड्यांची ठिकाणे टाळणे, रात्रीचा प्रवास न करणे, पुरेसे शिक्षक आणि मुलींसोबत शिक्षिका असणे, दर टप्प्यावर मोजणी करणे, एवढी शिस्त पाळली तर धोका बराच कमी होतो.

वर्गणी न परवडणाऱ्या मुलांचे काय?

खरी मेख येथे आहे. ज्यांना सहलीचा लाभ सर्वाधिक होतो, तीच मुले पैशांअभावी घरी राहतात. दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीच्या गप्पा रंगतात आणि ही मुले गप्प बसतात. शालेय सहलींसाठी एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. ती घेऊन जवळचे ठिकाण निवडल्यास खर्च आवाक्यात येतो. गावातील आठवडी बाजार, दूध संकलन केंद्र, टपाल कार्यालय, ग्रामपंचायत, जवळचे लेणे किंवा नदीचा उगम पाहायला तर फारसा खर्चही येत नाही. वर्षातून एकदा निम्म्या वर्गाला दूर नेण्यापेक्षा तीनदा अख्ख्या वर्गाला जवळ नेणे अधिक शहाणपणाचे. शाळेने सहलीचे ठिकाण ठरवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : वर्गातले प्रत्येक मूल येऊ शकेल का?