छोटा पॅकेट, बडा नशीब!

समजा, जन्माला येण्याआधी कुणीतरी तुमच्यासमोर मेन्यूकार्ड ठेवलं. काय हवंय बोला! अंधारात दिसणारे डोळे? विष पचवणारं पोट? तोंडातून आग? की तीन फूट उंची आणि थोडंसं नशीब? शेवटचा पर्याय कोण घेणार म्हणा! पण 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलात की हा प्रश्न खरोखर पडतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो डन्जन मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. दरी ओलांडायची असो, राक्षसावर वार करायचा असो, की दुकानदाराला पटवायचं असो... निकाल लावायला वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा मोठा आला तर जमलं, नाहीतर गडबड. आणि हे सगळं सुरू होण्याआधी तुमचं पात्र कोण ते ठरवायचं. माणूस, एल्फ, दणकट ड्वार्फ, आग ओकणारा ड्रॅगनबॉर्न किंवा आपला बुटका हाफलिंग.

मी मूळचा चोपड्याचा, नोकरीला पुण्यात. ऑफिसच्या ग्रुपमध्ये शिकलेला हा खेळ गेल्या दिवाळीत घरी नेला आणि गच्चीवर सगळ्या भावंडांना खेळायला बसवलं. गॉब्लिन म्हणून शेंगदाणे मांडले (मेलेला गॉब्लिन मारणाऱ्याने खायचा!), ड्रॅगन म्हणून भरताचं आख्खं वांगं. धाकट्या चुलतभावाने हाफलिंग निवडला आणि इंजिनीयर आतेभाऊ उसळलाच, "अरे त्याच्यात काय ठेवलंय भो? ड्वार्फ घे ना!"

वाद रात्री दीडपर्यंत चालला. म्हणून म्हटलं, एकदा या बुटक्याचं रीतसर अप्रेझल करूनच टाकू.

कागदावर काय दिसतं?

२०२४च्या नियमांप्रमाणे ड्वार्फला १२० फुटांपर्यंत अंधारात दिसतं, विषाचा त्रास कमी होतो आणि प्रत्येक लेव्हलला एक जीवनबिंदू जास्त मिळतो. हाफलिंगला अंधारात दिसत नाही. त्याच्याकडे आहेत चार गोष्टी. एक, तो सहसा घाबरत नाही. भीतीचा प्रसंग आला की दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. दोन, आपल्यापेक्षा मोठ्या कुणाच्याही जागेतून तो आरपार निसटतो, फक्त तिथे थांबता येत नाही. तीन, तो धिप्पाड मित्राच्या आडोशालाही लपू शकतो. आणि चार, त्याचं नशीब. वीस बाजूंच्या फाशावर १ आला तर तो फासा पुन्हा टाकायचा. दुसऱ्यांदा जे येईल ते मान्य.

बस्स? आतेभावाचा सवाल हाच होता. त्याने लगेच मोबाइलवर हिशोब मांडला. साध्या फाशाची सरासरी १०.५. हाफलिंगची १०.९७५. "अर्धा मार्कसुद्धा नाही!" ११ किंवा जास्त आणायचे असतील, तर यशाची शक्यता ५० टक्क्यांवरून जाते ५२.५वर. ऑफिसात एवढी पगारवाढ मिळाली तर आपण काय बोलतो ते इथे छापता येणार नाही.

सरासरीच्या पलीकडे

पण थांबा. सरासरी सांगते नेहमीचा दिवस कसा जाईल ते. सगळ्यात वाईट दिवस किती वाईट जाईल, हे ती सांगत नाही. वार करताना १ आला की तो हुकलाच, मग तुम्ही कितीही तगडे असा. इतरांच्या बाबतीत हे दर फाशाला ५ टक्के. हाफलिंगला सलग दोनदा १ यावा लागतो, म्हणजे ४००त एकदा. पाव टक्का!

एका संध्याकाळी वीस वेळा फासा टाकला असं धरा. साध्या पात्राला किमान एकदा १ येण्याची शक्यता आहे ६४ टक्के. हाफलिंगच्या पदरात तो पडण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. आता बोला!

चुलतभाऊ सध्या पहिल्या नोकरीच्या शोधात आहे. इंटरव्ह्यूला "चोपडा? हे कुठे आलं?" ऐकून ऐकून तो वैतागलाय. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मला टॉपर व्हायचंच नाहीये. ऐन वेळी माती नको व्हायला, एवढंच." आतेभाऊ पहिल्यांदाच गप्प बसला.

जन्माचं की कमाईचं?

तेवढ्यात फराळाचं ताट घेऊन आत्या वर आली. तिने विचारलं, "ही रेस म्हणजे काय रे? जात का?" कुणालाच पटकन उत्तर सुचेना. गंमत म्हणजे या खेळालाही ते सुचायला पन्नास वर्षं लागली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला, तेव्हा या बुटक्याला हॉबिटच म्हणत. टोल्किनच्या कादंबऱ्यांचे हक्क असणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर तो हाफलिंग झाला. त्या वेळी त्याला फक्त योद्धाच होता यायचं आणि चौथ्या लेव्हलच्या वर जाता यायचं नाही. कितीही पराक्रम करा, प्रमोशन बंद! अशा मर्यादा २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत गेल्या. पण २०१४च्या पुस्तकातही हाफलिंगला जन्मतःच चपळाईत अधिक दोन मिळायचे. म्हणजे चोर व्हायचं असेल तर उत्तम, पैलवान व्हायचं असेल तर मागे. २०२० साली हे गुण हवे तिथे फिरवायची मुभा मिळाली. २०२४च्या पुस्तकात 'रेस' हा शब्द गेला, 'स्पीशीज' आला. आणि अधिक दोन, अधिक एक आता मिळतात तुमच्या बॅकग्राउंडवरून, म्हणजे आधी तुम्ही काय काम केलंत त्यावरून. शेतकरी होता? मग ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांत वाढ.

चुलतभावाने अर्थात शेतकरी हाफलिंगच केला. सातपुड्याच्या पायथ्याचा, केळीचे घड उचलून खांदे तयार झालेला. तीन फुटांचा पैलवान! घाबरणं, निसटणं, नशीब हे त्याचं जन्माचं. ताकद मात्र कमावलेली. आत्याला मी एवढंच सांगितलं की आता त्यावरून पायरी ठरत नाही. ती म्हणाली, "हे बरं केलं त्यांनी. चकल्या घ्या."

मग घ्यायचा का?

साधा नियम लक्षात ठेवा. हे नशीब फक्त तुम्ही स्वतः टाकलेल्या वीस बाजूंच्या फाशावर चालतं. जितके जास्त फासे, तितका फायदा. त्यामुळे एका दमात अनेक वार करणारा योद्धा किंवा सतत लपणारा, कुलपं उघडणारा चोर व्हायचं असेल तर बिनधास्त घ्या. आगीचे गोळे फेकणारा जादूगार व्हायचं असेल तर दोनदा विचार करा. तिथे बहुतेक वेळा फासा शत्रू टाकतो आणि तुमचं नशीब खिशातच राहतं. नुकसान मोजायच्या फाशांनाही ते लागू नाही. आणि अंधाऱ्या गुहेत शिरणार असाल तर मशाल विसरू नका, नाहीतर ड्वार्फ मित्राचा हात धरा.

त्या रात्रीचा निकाल? ड्रॅगनवरच्या शेवटच्या वाराला चुलतभावाला १ आला. गच्चीवर सन्नाटा! त्याने फासा पुन्हा उचलला, टाकला... १७.

दुसऱ्या दिवशी ड्रॅगनचं भरीत झालं. आतेभावाने दोनदा वाढून घेतलं.