सवडीचा गडी आणि व्रतस्थ गडी

'कॅज्युअल' आणि 'हार्डकोअर' हे दोन शब्द ऑनलाइन खेळांविषयी बोलताना आपले विद्यार्थी सर्रास वापरतात. पहिल्याचा अर्थ ते 'कच्चा' असा करतात व दुसऱ्याचा 'पक्का' असा. आणि घोटाळा होतो तो येथेच. हे शब्द कौशल्याचे वाचक नसून, खेळास वाहिलेल्या वेळेचे व पत्करलेल्या जोखमीचे वाचक होत. म्हणून प्रस्तुत लेखात 'सवडीचा' आणि 'व्रतस्थ' असे प्रतिशब्द योजिले आहेत.

बहुजनी भूमिका-खेळात हजारो माणसे एकाच कल्पित जगात सोंगे घेऊन वावरतात. 1999 साली निघालेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये सोंगास मरण आले की मिळविलेल्या अनुभवाचा काही अंश जाई, व चीजवस्तू मृतदेहापाशीच राहून त्या परत आणाव्या लागत. ही व्रतस्थ रचना होय. 2004 साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने हा दंड सौम्य केला. एवढेच नव्हे, तर खेळाबाहेर घालविलेल्या काळाबद्दल 'विश्रांती'चे फळ देऊन, परतलेल्या गड्यास शत्रुवधाचा दुप्पट अनुभव काही मर्यादेपर्यंत देऊ केला. तथापि शेवटच्या मोहिमा कठीणच राहिल्या. 'नॅक्सरामस' ही मोहीम 2006 साली 40 गड्यांची होती; 2008 साली तीच 10 किंवा 25 गड्यांसाठी पुन्हा रचण्यात आली. 2011 साली तर अनोळखी गड्यांची तुकडी यंत्रच जमवू लागले.

यावर व्रतस्थांचा आक्षेप असा की, वाट सोपी झाली म्हणजे मुक्कामाचे मोल उतरते. हा आक्षेप तपासण्यास आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल. शेगावची पालखी आषाढीसाठी पायी पंढरपुरास जाते. कोणी थेट एस.टी.नेही जातो. तेथे पदस्पर्शाची लांब रांग आहे, तसे मुखदर्शनही आहे. मुखदर्शन घेणाऱ्यामुळे पायी चालणाऱ्याचे काही उणे होत नाही. कारण त्याची प्राप्ती चालण्यातच असते. खेळात मात्र प्राप्तीचा एक भाग अंगावरील चिलखतात, म्हणजे दुसऱ्यास दाखविण्यात असतो. तेवढ्यापुरता आक्षेप खरा मानावा लागेल.

परंतु खरी हानी निराळीच आहे. दिंडीत सोबत्याचे नाव आपोआप कळते. रांगेत ते विचारण्याचेही कारण पडत नाही. 40 जणांची मोहीम ठरविताना एकमेकांवर विसंबावे लागे, आणि त्यातून मंडळे बांधली जात. यंत्राने जमविलेल्या तुकडीत ही गरजच उरली नाही. सवड सांभाळताना सोबत गेली.

मग सोपी रचना टाकून द्यावी काय? तसे म्हणता येणार नाही. सवड ही सर्वांस सारखी वाटलेली नाही. पेरणीच्या दिवसांत घरच्या शेतावर राबणारा विद्यार्थी ठरलेल्या रात्री चार तास हजर राहू शकत नाही. यावरून तो कच्चा ठरत नाही. 2019 साली याच खेळाचे जुने रूप 'क्लासिक' नावाने पुन्हा खुले झाले, आणि 2023 साली सोंगाचे मरण कायमचे मानणारी वेगळी जगेही अधिकृतपणे उघडली. दोन्ही वृत्तींना आपापली वाट देणे शक्य आहे, हे त्यावरून दिसते. मात्र थोडक्या वेळातही सोबत जुळावी, अशी रचना करणे हे रचनाकारापुढील अधिक अवघड काम होय.