काठी समुद्रात कमी, रस्त्यावर जास्त मोडते: गळाच्या काठ्या गाडीवरून नेताना



1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात आणि नदी-खाडीवर, मानशीवर गळ टाकायला जाणारे वाढतात. कोणी स्कूटरवर, कोणी गाडीत, कोणी पिकअपच्या हौद्यात काठ्या घालून निघतो. पाऊस, निसरडा रस्ता आणि मागे पाच-सहा फूट बाहेर डोकावणारी काठी. काठी मोडली तर पैसे जातात, पण तेच टोक मागून येणाऱ्याच्या डोळ्यात गेलं तर? म्हणून आज याच विषयावर सविस्तर.

मूळ नियम एकच: काठीची लांबी गाडीच्या आत

दोन तुकड्यांची काठी असेल तर ती सोडवूनच न्या. 8 फुटी काठी सुटी केली की साधारण 4 फुटांची होते आणि स्कूटरच्या लांबीत बसते. "पाच मिनिटांचं तर अंतर आहे, कशाला सोडवायची?" असं आपण म्हणतो. पण जोडलेल्या काठीचं टोक आपल्याला दिसत नाही. वळण घेताना आपण एक हात फिरतो आणि टोक चार हात फिरतं. फेरीबोटीवर दाटीवाटीने गाड्या लागतात तेव्हा तर हे टोक बरोबर लोकांच्या तोंडाच्या उंचीवर येतं.

कायदाही इथे कडक आहे. पूर्वी माल मागे 1 मीटरपर्यंत बाहेर काढायची सवलत होती, ती 2014 मध्ये काढून टाकली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 (1अ) मध्ये माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर 20 हजार रुपये दंड आणि वर माल उतरवण्याचा खर्च सांगितला आहे. हे कलम चालवणाऱ्यालाच नाही, तशी गाडी चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. म्हणजे टेम्पो पाठवणाऱ्या होडीमालकानेही लक्ष घालायला हवं. टोकाला लाल फडका बांधला की झालं, हा समज सोडून द्या. फडका बांधल्याने बाहेर आलेला माल कायदेशीर होत नाही.

काठी उभी धरून मागे बसू नका

ही सवय सगळ्यात धोक्याची. हिशोब करून बघा. 13 फुटी काठी मागे बसलेल्याने मांडीवर टेकवून उभी धरली, तर तिचं टोक रस्त्यापासून साधारण 16 फुटांवर जातं. रेल्वे फाटकाजवळ उंचीची जी कमान असते ती 4.67 मीटर, म्हणजे सुमारे 15 फूट 4 इंच. तिच्या पलीकडे वर रेल्वेची तार आहे आणि त्या तारेत 25 हजार व्होल्ट वीज असते. कोकण रेल्वेचा मार्ग 2022 पासून पूर्ण विजेवर आहे, हे जुन्या मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावं. एवढ्या दाबाची वीज अंग लागण्याची वाट बघत नाही, जवळ गेलं तरी उडी मारते.

वाड्यांतून घराघरांत गेलेल्या वायरी तर कितीतरी खाली लोंबतात. हल्लीच्या बऱ्याच काठ्या कार्बनच्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. फायबरची किंवा वेळूची काठी पावसात भिजली की तिच्यावरही भरवसा ठेवता येत नाही. जेटीवर काठी जोडण्याआधी एकदा वर बघून घ्या.

गरी आणि तंगूस

काठी बांधण्याआधी गरी आणि शिसं सोडवून डबीत टाका. लोंबणारी गरी आपल्या मांडीत, लहान मुलाच्या हातात किंवा शेजारून जाणाऱ्याच्या शर्टात अडकते. सुटलेला तंगूस त्याहून वाईट. मागच्या चाकात त्याचं टोक गेलं की तो आसाभोवती गुंडाळत जातो आणि काठी चाकात ओढली जाते. म्हणून तंगूस पूर्ण रिळात घ्या आणि वर रबर लावा. रीळ काढून फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं तर उत्तम.

स्वस्तातला उपाय: पीव्हीसी पाईप

महागड्या पेटीची गरज नाही. प्लंबिंगच्या दुकानात 10 फुटी पाईप मिळतो, त्याचे दोन तुकडे केले की 5-5 फुटांच्या दोन नळ्या होतात. दोन काठ्यांना 75 मिलिमीटरचा पाईप चालतो, तीन-चार काठ्या असतील तर 110 चा घ्या. दुकानात जाताना काठीची सगळ्यात मोठी कडी मोजून जा. एका तोंडाला टोपी पक्की चिकटवा, दुसरी काढता-घालता येईल अशी ठेवा. तळाला फोम किंवा जुन्या चपलेचा रबरी तुकडा घाला आणि पाणी निथळायला दोन भोकं पाडा. काठ्या फडक्यात गुंडाळून जाड बाजू खाली, नाजूक टोक वर असं घाला. खाऱ्या पाण्यातून आलेली काठी गोड्या पाण्याने धुऊन, पुसूनच आत ठेवा, नाहीतर कड्या गंजतात.

बांधायचं कसं

नेहमी दोन ठिकाणी बांधा, पुढे एक आणि मागे एक. एकाच ठिकाणी बांधलेली नळी गोल फिरते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम, त्या घसरत नाहीत. नुसती काठी असेल तर नायलॉनच्या दोरीने आवळू नका आणि कडीवर गाठ देऊ नका. कार्बनच्या काठीला बारीक चरा पडला तर तो दिसत नाही, पण मोठा मासा लागला की काठी नेमकी तिथेच मोडते.

स्कूटर-मोटरसायकलवर नळी आडवी, सीटच्या खालच्या पातळीत बांधा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं का, ब्रेकवर पाय नीट पडतो का, दिवे झाकले जात नाहीत ना, हे बघा. नळी पाठीला उभी बांधू नका. पडलात तर मार थेट पाठीच्या कण्याला बसतो. नळी असेल तेव्हा मागे माणूस बसवू नये, हे बरं.

कारमध्ये काठी खिडकीतून बाहेर काढू नका. सर्वात जास्त टोकं दारात आणि डिकीच्या झाकणात सापडून मोडतात. आधी काठी, मग दार, हा क्रम ठेवा. टपावर बांधायची तर जाड बाजू पुढे, टोक मागे.

छोट्या टेम्पोचा हौदा साधारण 7 फुटांचा असतो. वल्ही, बांबू, अखंड वेळूच्या काठ्या त्यात सरळ मावत नाहीत. हौद्यात तिरक्या लावून मावतात का बघा, नाहीतर मोठी गाडी करा. काठ्यांवर नांगर, बर्फाची पेटी किंवा ओली जाळी टाकू नका. रोज लागणारी लांब काठी तर जेटीवरच्या खोलीत ठेवलेली बरी.

पोचल्यावर एक तपासणी

कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. कापसाचा धागा अडकला तर आतली रिंग तडकलेली आहे. ती कडी तंगूस कापते, आणि नेमका मोठा मासा असतानाच. ती बदलून घ्या.

गाडी चालू करण्याआधी एकदा गाडीभोवती फेरी मारा. काही लोंबतंय का, काही बाहेर येतंय का, गाठ सैल आहे का? खड्ड्यांचा रस्ता असेल तर वाटेत एकदा थांबून परत हात लावून बघा. घरातली पोरं काठी घेऊन निघत असतील तर त्यांनाही हे आज दाखवून ठेवा.